दुर्बिणीतून पोटाला टाके: सांगली ते पुणे आणि पुढचं वर्ष

तोंडातून दुर्बीण घालून पोट लहान करून घेतलं त्याला वर्ष उलटून गेलं. सांगलीतल्या एका पतसंस्थेत मी कॅशियर आहे. वजन उतरलेलं दिसायला लागल्यापासून ओळखीच्या बायका काउंटरवर वाकून हळूच विचारतात, "काय केलंस गं? इंजेक्शन घेतलंस का?" मागे रांग उभी असताना दोन वाक्यांत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून सविस्तर लिहिते. आपल्या भागातून पुण्या-मुंबईला जाऊन हे करून घ्यावं असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी तर मुद्दाम. टाके घालायला तास-दीड तास लागतो. पण घर आणि हॉस्पिटल यांच्यात सव्वादोनशे किलोमीटर असले की त्या तासाच्या आधीची आणि नंतरची तजवीज आपल्यालाच नीट लावावी लागते. माझ्या मिरजेच्या पोटविकारतज्ज्ञांनी ती माझ्याकडून करून घेतली, त्यांचे उपकार मोठे आहेत.

माझी उंची पाच फूट तीन इंच आणि वजन 92 किलो होतं. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन दाखवणारा आकडा, 36. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, तीन महिन्यांची सरासरी साखर 6.3, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. गुडघे इतके दुखायचे की गणपती मंदिरात गेल्यावर खाली बसायचा विचारही नको वाटायचा. डाएट करून झालं होतं, व्यायाम करून झाला होता. दहा किलो उतरायचे आणि दोन दिवाळ्यांत परत चढायचे. ज्यांनी हे भोगलंय त्यांना मी आणखी सांगायला नको.

बॅरिअ‍ॅट्रिक, म्हणजे वजन उतरवण्यासाठी करायची शस्त्रक्रिया मला आधीच सुचवली होती. त्यातल्या स्लीव्ह प्रकारात जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून कायमचा काढून टाकतात. वजन त्यात जास्त उतरतं, हे डॉक्टरांनी मला स्वच्छ सांगितलं. पण एक धड अवयव कापून काढायला माझं मन तयार होईना. पोटात फुगा बसवायचाही मार्ग आहे, मात्र तो काही महिन्यांपुरताच असतो. वजन उतरवायची, आठवड्याला एक घ्यायची इंजेक्शनं तेव्हा नुकतीच आपल्याकडे येऊ लागली होती, मौंजारो मार्च 2025 मध्ये आणि वेगोव्ही जूनमध्ये. ती थांबवल्यावर पुष्कळांचं वजन परत चढतं आणि घेत राहायचं तर महिन्याचा खर्च चालूच, म्हणून तो मार्ग मी बाजूला ठेवला. दुसऱ्या एखाद्याच्या बाबतीत तोच योग्य ठरेल.

मी जे करून घेतलं त्याला एंडोस्कोपिक स्लीव्ह गॅस्ट्रोप्लास्टी म्हणतात, डॉक्टर मंडळी नुसतं इएसजी म्हणतात. तोंडातून एंडोस्कोप, म्हणजे कॅमेरा असलेली लवचिक नळी, जठरात उतरवतात. त्याच्या टोकावर टाके घालायचं उपकरण बसवलेलं असतं. जठराची समोरची भिंत, बाहेरची मोठी वक्र बाजू आणि मागची भिंत अशी सुई फिरवत टाका घेतात आणि दोरा आवळतात. परकराच्या नेफ्यातली नाडी ओढली की कापडाच्या चुण्या पडतात, तशी जठराची भिंत आत दुमडत जाते. असे टाके खालून वर घालत आले की पिशवीची अरुंद नळी होते आणि तिची जागा साधारण 70 टक्क्यांनी कमी होते. वरचा घुमटाचा भाग बहुतेक वेळा तसाच सोडतात. काही कापून काढत नाहीत, पोटावर बाहेरून एकही छेद नसतो. जेवण थोडक्यात भरतं आणि जठरातून हळूहळू पुढे सरकतं, त्यामुळे पोट भरल्याची जाणीव बराच वेळ टिकते.

छेद नाही म्हणून हे दात काढण्याइतकं सोपं असावं, अशा समजुतीनं मला पुष्कळ जण विचारतात. पण यात पूर्ण भूल असते, श्वासाची नळी घालतात, आणि टाके जठराच्या भिंतीच्या पूर्ण जाडीतून जातात. रक्तस्राव होऊ शकतो, टाक्याच्या जागेतून गळती होऊन जठराच्या बाहेर पू साठू शकतो. हे क्वचित घडतं, पण घडतं. अमेरिकेत नऊ केंद्रांवर झालेला मेरिट नावाचा अभ्यास 2022 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात बीएमआय 30 ते 40 असलेल्या लोकांचं वजन वर्षभरात सरासरी 13.6 टक्के उतरलं, तर नुसत्या आहार-व्यायामाच्या गटाचं एक टक्काही नाही. गंभीर त्रास सुमारे 2 टक्के लोकांना झाला: एकाला गळू, एकाला रक्तस्राव, आणि एकाला कुपोषण होऊन टाके सोडवावे लागले. पुण्याच्या डॉक्टरांनी हे आकडे आम्हा नवरा-बायकोसमोर कागदावर लिहून दाखवले. 100 किलोच्या माणसाचे वर्षात साधारण 14-15 किलो उतरतील, 40 नाही, हेही त्यांनी तिथेच सांगितलं. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

आता तयारीचं. मिरज हे डॉक्टरांचं गाव, कोल्हापूरपासून पार उत्तर कर्नाटकापर्यंतचे पेशंट तिथे येतात. त्यामुळे तपासण्यांसाठी मला पुण्याला हेलपाटे घालावे लागले नाहीत. रक्ताच्या तपासण्या, थायरॉइड, इसीजी आणि पित्ताशयात खडे आहेत का हे बघायला सोनोग्राफी. सगळ्यांत महत्त्वाची साधी एंडोस्कोपी. जठरात व्रण असेल, मोठा हायटस हर्निया असेल, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला असेल, अन्ननलिकेच्या किंवा जठराच्या शिरा फुगलेल्या असतील, तर टाके घालता येत नाहीत. माझ्या जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचे जंतू निघाले. आधी त्यावर दोन आठवडे औषधं, मग ते गेल्याची खात्री, आणि त्यानंतरच पुण्याची तारीख. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या सांगायच्या. आठवड्याची इंजेक्शनं चालू असतील तर भूलतज्ज्ञांना सांगायलाच हवं, कारण त्यांनी जठर उशिरा रिकामं होतं, आणि भूल देताना आत अन्न असेल तर ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. पुढच्या वर्षभरात मूल हवं असेल तर तेही आधीच बोलून घ्यायचं.

मिरजेच्या डॉक्टरांनी मला पुण्यात विचारायचे प्रश्न लिहून दिले होते. तुम्ही स्वतः हे किती वेळा केलं आहे? गळती झाली तर याच हॉस्पिटलात सर्जन आणि आयसीयू आहे का? रात्री दोन वाजता उलट्या सुरू झाल्या तर फोन कोण उचलणार? आहारतज्ज्ञ वर्षभर बरोबर आहेत की पहिला तक्ता हातात दिला की झालं? आधी एका ठिकाणी शेवटच्या दोन प्रश्नांना मला धड उत्तर मिळालं नाही. पॅकेजची सवलत मात्र महिनाअखेरपर्यंतच आहे असं तीनतीनदा सांगितलं. तिथून आम्ही उठलो. दुसऱ्या डॉक्टरांनी मिरजेच्या डॉक्टरांशी माझ्यासमोर फोनवर बोलणं केलं, काही झालं तर पहिल्यांदा कुणाकडे जायचं हे ठरवलं, आणि मगच माझी तारीख लिहिली. सांगली-साताऱ्याच्या माणसानं पॅकेजच्या किमतीच्या आधी हेच बघावं, असं मी जीव तोडून सांगते.

पैशांचं एका दमात सांगते. माझा सगळा खर्च चार लाखांच्या आत-बाहेर गेला, त्यात मोठा वाटा त्या टाके घालायच्या उपकरणाचा. विमा मिळाला नाही. विम्याच्या प्रमाण नियमात लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेसाठी बीएमआय 40, किंवा 35 आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर विकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखं काही लागतं. माझी साखर उंबरठ्यावरच होती. पॉलिसी हातात घेऊन आधीच लेखी विचारून ठेवा.

आदल्या दिवशी आम्ही गाडीनं निघालो. कऱ्हाड, सातारा, खंबाटकी करत संध्याकाळी कोथरूडला थोरल्या वन्संकडे. चार दिवस आधीपासून मी पातळ पदार्थांवर होते, रात्रीनंतर पाणीही बंद. सकाळी हॉस्पिटलात सलाईन लावली, भूलतज्ज्ञांनी येऊन माझी मान आणि जबडा तपासला. टेबलावर डाव्या कुशीवर झोपवलं, सिस्टर म्हणाल्या, "ताई, लांब श्वास घ्या." पुढचं मला काही आठवत नाही.

जाग आली ती वेदनेनंच. बरगड्यांच्या खाली मधोमध कळ यायची, ओसरायची, परत यायची. घसा सोललेला आणि डाव्या खांद्यात विचित्र दुखणं. पोट आणि छाती यांमधल्या पडद्याची नस खांद्याच्या नसांशी जोडलेली असल्यानं तसं होतं, घाबरू नका, असं सिस्टरांनी सांगितलं. सगळ्यांत वाईट होती ती मळमळ. उलटीची आणि दुखण्याची औषधं सलाईनमधून चालू होती, तरी पहिली रात्र उमाशांतच गेली. जोरात ओकारी आली तर टाके तुटतील या भीतीनं मी तोंड घट्ट दाबून पडले होते. रात्रपाळीच्या डॉक्टरांना मी ते सांगितलं, तेव्हा ते पलंगाशी बसले आणि औषध वाढवून दिलं. संध्याकाळीच दोन पावलं चालवलं होतं, सकाळी पॅसेजमध्ये फेऱ्या मारल्या. दुपारपासून औषधाच्या झाकणानं पाणी, एकेक घोट. संध्याकाळी घरी सोडलं, म्हणजे वन्संच्या घरी.

सांगलीला लगेच परतायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. निदान आठवडाभर हॉस्पिटलापासून अर्ध्या तासाच्या आत राहायचं. तिसऱ्या दिवशी सकाळपासून एक घोटही टिकेना, तेव्हा त्या अटीचं मोल कळलं. वन्संनी रिक्षा बोलावली, हॉस्पिटलात दोन बाटल्या सलाईन चढवली, नाडी आणि ताप बघितला, संध्याकाळी परत पाठवलं. मी तेव्हा सांगलीत असते तर घरच्यांनी रात्रभर काय केलं असतं, हा विचार आजही मनात येतो. काही खुणा पाठ करून ठेवा, आणि तुमच्या माणसांनाही पाठ करायला लावा: ताप, पडून असतानाही जोरात धडधडणं, कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाणारी पोटातली कळ, धाप, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, किंवा दिवसभर पाणीही न टिकणं. यातलं एकही दिसलं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही.

कळ आणि मळमळ आठवड्यात जवळजवळ गेली. मग सांगली, आणि खरी कसोटी आमच्या स्वयंपाकघरात सुरू झाली.

पहिले दोन आठवडे फक्त पातळ. मुगाचं गाळलेलं कढण, लोणी काढलेलं पातळ ताक, नारळपाणी, चिकनचं अळणी पाणी, पाण्यातली प्रोटीन पावडर. एका वेळी फुलपात्राचा अर्धा भाग, तोही वीस मिनिटं लावून. आमच्या सासूबाईंना, मी त्यांना आईच म्हणते, हे बघवत नव्हतं. जन्मभर त्यांनी माणसांना पोटभर वाढून माया केली. सून समोर बसून चमच्यानं ताक पिते म्हटल्यावर त्यांच्याच घशाखाली घास उतरेना. एका संध्याकाळी मी त्यांना आहारतज्ज्ञांशी व्हिडिओ कॉलवर बोलायला बसवलं. बाईंनी त्यांना समजावलं की आत ताज्या टाक्यांची जखम आहे, घट्ट घास गेला तर ती ताणली जाईल. दुसऱ्या दिवसापासून कढण आई स्वतः गाळायला लागल्या आणि "वेळ झाली, घोट घे" म्हणून मला हाका मारायला लागल्या. घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या माणसाला आधीच विश्वासात घ्या. तुमच्याइतकंच ते माणूसही या प्रक्रियेतून जात असतं.

पुढे दोन आठवडे मऊ आणि घोटलेलं: गुरगुट्या भात, कुस्करलेलं पनीर, दही, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग. बेंदूर त्यातच आला. घरभर पुरणाचा वास, मी सगळ्यांना पोळ्या करून वाढल्या, माझ्या वाटीत घोटलेलं वरण. त्या दिवशी एक गोष्ट मला पहिल्यांदा लख्ख कळली. पोटाला अजिबात भूक नव्हती, पण मनाला पुरणपोळी हवी होती. टाके जठराला घातलेले असतात, इच्छेला नाही. कामावरून आल्यावर चहाबरोबर भडंगाची वाटी ही माझी वर्षानुवर्षांची सवय, ती वेळ झाली की हात आपोआप डब्याकडे जायचा. यासाठी मी समुपदेशकांकडे काही महिने गेले. त्यांचं काम मला टाके घालणाऱ्या डॉक्टरांइतकंच मोलाचं वाटतं.

साधं जेवण सुरू व्हायला दीड-दोन महिने लागले. चतकोर भाकरी, वाटीभर उसळ किंवा अंडं, थोडी पालेभाजी, एवढ्यात पोट भरतं. आधी प्रथिनं, मग भाजी, भाकरी शेवटी, हा क्रम मी आजही मोडत नाही. दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. शाकाहारी घरात ती नुसत्या आमटीतून भागत नाहीत, त्यासाठी पनीर, सोयाबीन, मोड आलेली कडधान्यं आणि पावडर असं जमवावं लागतं. जेवताना पाणी नाही, अर्धा तास आधी किंवा नंतर. सोडा, कोल्ड्रिंक बंद. घास चावून चावून बारीक करायचा. घाईत गिळला तर छातीत अडकल्यासारखं होतं, तोंडाला पाणी सुटतं आणि तो वर येतो. पाव माझ्या पोटाला अजून मानवत नाही. ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करली की निवांत उतरते. आइस्क्रीम, बासुंदी, गुळाचा चहा मात्र कुठल्याही अरुंद नळीतून सहज जातात, म्हणून सांभाळायचं ते तिथे.

अ‍ॅसिडिटीची गोळी काही महिने रोज सकाळी रिकाम्या पोटी होती. बी-12, ड जीवनसत्त्व आणि लोहाच्या गोळ्या आजही आहेत. चौथ्या महिन्याच्या सुमाराला विंचरताना केस हातात यायला लागले. वजन भराभर उतरलं की असं होतं आणि केस परत येतात. माझे आले. भराभर वजन उतरताना पित्ताशयात खडेही होऊ शकतात, त्यामुळे जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखलं तर सोनोग्राफी करून घ्यावी. ज्यांना मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी पहिल्या आठवड्यापासून घरी साखर आणि दाब मोजावा. आहार एकदम कमी झाल्यानं जुना डोस जड होऊन चक्कर येते, डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्यावा लागतो.

वजनाचा काटा पहिल्या महिन्यात भराभर खाली आला, नंतर मंदावला, आणि सहा महिन्यांनंतर कित्येक आठवडे एकाच आकड्यावर बसला. त्या काळात फार उदास वाटायचं. आहारतज्ज्ञांनी तेव्हा काट्यावर उभं राहायचं बंद करून कमरेचं माप घ्यायला लावलं. सकाळी आमराईत चालणं होतंच, त्यात घरी पाण्याच्या बाटल्या घेऊन करायचे ताकदीचे व्यायाम वाढवले, कारण नुसत्या चालण्यानं स्नायू टिकत नाहीत. आता माझं वजन 77 आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर 5.6, यकृतावरची चरबी कमी झाली आहे, आणि गणपतीसमोर मांडी घालून आरतीला बसते.

पुढे काय, हेही मी डॉक्टरांना विचारलं आहे. काहींचे टाके काळानं सैल पडतात, वजन थोडं परत चढू शकतं. तसं झालं तर पुन्हा टाके घालता येतात, औषधाची जोड देता येते, किंवा स्लीव्ह शस्त्रक्रियेचा मार्गही मोकळा असतो, कारण जठर जागेवरच आहे. अमेरिकेतल्या एका केंद्रानं 2021 मध्ये पाच वर्षांचे निकाल छापले, त्यात सरासरी 15.9 टक्के वजन कमी राहिलेलं होतं. मी दर तीन महिन्यांनी मिरजेला तपासते, रिपोर्ट पुण्याला पाठवते, आणि वर्षातून एकदा पुण्याला जाते.

आमच्या शाखेतल्या एका ताईंनी माझं बघून थेट पुण्यात तारीखच घेतली होती. मी त्यांना आधी मिरजेला एंडोस्कोपी करायला लावली. त्यात मोठा हायटस हर्निया निघाला, डॉक्टरांनी इएसजीला नाही म्हणून सांगितलं. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मग स्वतःच फोन केला, हर्नियाची दुरुस्ती आणि जठराची बायपास (वजन उतरवायचीच दुसरी शस्त्रक्रिया) एकत्र करता येईल का हे विचारायला सर्जनकडे वेळ घेतली आहे म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर जाणार आहे, प्रश्नांचा तोच कागद घेऊन.